न बसता घेतलेल्या लेदरच्या खुर्च्या : सोलापुरातल्या एका वकिली ऑफिसचं प्रकरण

हे प्रकरण खरं आहे, फक्त माणसांची ओळख लपवलीय आणि विकणाऱ्यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. मी सोलापुरात ऑफिस फर्निचरच्या कामात आहे आणि ह्या खरेदीत सुरुवातीपासून सोबत होतो, त्यामुळे मापं, बिलं, मेसेज सगळं डोळ्यासमोर आहे. आपल्याकडे चांगल्या लेदरची खुर्ची बसून बघायला मिळत नाही म्हणून लोक एकतर नाद सोडतात नाहीतर फोटो बघून लाखभर रुपये भरून मोकळे होतात, आणि ह्या दोन्हीच्या मधे बरंच काही करता येतं हे दिसावं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी

नवरा-बायको दोघंही वकील. सात रस्ता चौकाच्या बाजूला नवीन ऑफिस घेतलं, दोन केबिन, दोन्हीत पक्षकार येऊन बसणार. साहेब पाच फूट अकरा इंच, वजन नव्वदच्या पुढं. मॅडम पाच फूट एक इंच, वजन पन्नासच्या आसपास, आणि कमरेचं जुनं दुखणं. संध्याकाळी कोर्टातून आल्यावर दोघंही रात्री नऊ-साडेनऊपर्यंत खुर्चीतच असतात.

जुन्या ऑफिसात 'लेदरची' म्हणून घेतलेली काळी बॉस खुर्ची होती. दोन उन्हाळे गेले आणि तिचे पापुद्रे सुटायला लागले, पांढऱ्या शर्टाला काळे तुकडे चिकटायचे. ते लेदर नव्हतंच, कापडावर पॉलियुरेथेनचा थर दिलेलं पीयू होतं. घाम, डोक्याचं तेल, दमट हवा आणि उष्णता ह्यांनी तो थर हळूहळू कमजोर होतो आणि सुटतो, आणि आपल्याकडं एप्रिल-मे मधे पारा ४२ च्या वर जातो, पश्चिमेच्या खिडकीजवळ ठेवलेल्या खुर्चीचं काय होणार ते सांगायला नको. साहेबांनी तिथंच ठरवलं की आता घ्यायचं तर खरं लेदर, एकदाच घ्यायचं आणि पुढची पंधरा वर्षं बघायचं नाही.

बजेट दोन लाख. दोन स्वतःच्या खुर्च्या आणि पक्षकारांसाठी चार.

अडचण काय होती

गावातल्या दुकानांत फिरून झालं. खुर्च्या भरपूर आहेत, पण जवळजवळ सगळ्या रेग्झिन किंवा पीयूच्या, आणि खरं लेदर पाहिजे म्हणलं की कॅटलॉग पुढं येतो, "ऑर्डर द्या, मागवून देतो". म्हणजे इथून घेतली तरी न बसताच घ्यायची, वर दुकानदाराचं मार्जिन वेगळं.

मुलगा पुण्यात नोकरीला आहे, त्यानं ऑनलाइन एक मॉडेल काढलं. फोटो सुंदर, उंच पाठ, तपकिरी रंग, खाली लिहिलेलं 'जेन्युइन लेदर'. मोठी खुर्ची ३८,५००, त्याच डिझाइनची व्हिजिटर खुर्ची १७,५००. सहाही घेतल्या तर १,४७,०००. साहेब कार्ड काढूनच बसले होते.

मॅडमनी थांबवलं. त्यांचा प्रश्न साधा होता, ह्याच्यात माझे पाय जमिनीला टेकणार का? आणि ह्या एका प्रश्नाचं उत्तर त्या पानावर कुठंच नव्हतं. एकूण उंची, एकूण रुंदी, एकूण खोली दिलेली, म्हणजे खोलीत खुर्ची मावेल का ते कळतं, माणूस खुर्चीत मावेल का ते नाही कळत.

खरं तर इथं दोन वेगवेगळे प्रश्न होते आणि लोक ते एकत्र करतात. एक, हे कातडं खरंच चांगलं आहे का. दोन, ही खुर्ची ह्या शरीराला बसते का. पहिल्याचं उत्तर कातड्याचा तुकडा हातात घेऊन मिळतं, दुसऱ्याचं टेप लावून, आणि दोन्हींसाठी आख्खी खुर्ची समोर असायलाच पाहिजे असं नाही.

कोणते पर्याय होते

पुण्याला किंवा हैदराबादला जाऊन बसून बघणं हा पहिला पर्याय. सकाळी निघून रात्री परत येणं जमतं, पण दोघांच्या तारखा जुळवून जायचं आणि फोन करून विचारलं तर पाहिजे ते मॉडेल शोरूममधे नाहीच. दुसऱ्या मॉडेलवर बसून ह्या मॉडेलचा अंदाज येत नाही. शिवाय शोरूमची खुर्ची शेकडो लोकांनी बसून फोम मऊ झालेली असते आणि आपण तिच्यावर पाच मिनिटं बसतो, कमरेला काय होतं ते कळायला तीन-चार तास लागतात. तरीही माझं मत असं की ज्याचं कमरेचं दुखणं आहे त्यानं शक्य असेल तर जावंच, अगदी मॉडेल वेगळं असलं तरी, निदान कुठल्या उंचीला पाठीला आधार लागतो हे अंगाला समजतं. त्यांना ते त्या महिन्यात जमलं नाही.

दुसरा पर्याय, जुन्या खुर्चीची फ्रेम ठेवून खऱ्या लेदरचं कव्हर करून घेणं. इथं गाड्यांचे सीट कव्हर शिवणारे चांगले कारागीर आहेत. एकाला विचारलं, तो म्हणाला उंच पाठीच्या एका खुर्चीला पंचवीस-तीस स्क्वेअर फूट लागेल, चामडं तुम्ही आणा, रेग्झिन मी रोज शिवतो पण लेदरला मशीन वेगळी लागते, टाका चुकला की भोक तसंच राहतं. त्यानं सरळ सांगितलं म्हणून मला तो आवडला. पण जुनी फ्रेमच मॅडमच्या मापाची नव्हती, तिच्यावर महागाचं चामडं चढवण्यात अर्थ नव्हता.

तिसरा पर्याय मी सुचवला होता, जाळीच्या पाठीची खुर्ची. सोलापूरच्या उन्हाळ्यात सलग बसायचं तर जाळी बरी, पाठीला हवा लागते, हे मी आजही म्हणतो. पण साहेबांचं म्हणणं होतं की पक्षकार केबिनमधे येतो तेव्हा टेबल-खुर्ची बघून पण त्याचा एक अंदाज होतो, आणि दोन्ही केबिनला एसी आहे. त्यांचा धंदा त्यांना माहीत, मी जोर केला नाही.

चौथा, सहाच्या सहा एकदम मागवणं. आणि पाचवा, आधी तुकडा, मग एक खुर्ची, मग बाकीचं. वेळ जास्त लागणार, कदाचित ट्रान्सपोर्ट दोनदा पडणार, पण फसलं तर एकात फसणार. ठरलं ते हेच.

काय केलं : आधी मापं

घरातली साधी लाकडी खुर्ची घेतली, कापडी नाही, लाकडी, म्हणजे बूड दबत नाही. रोजच्या चपला घालून दोघांना बसवलं. जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत : मॅडम १६ इंच, साहेब साडेअठरा. पाठ टेकवून कमरेच्या मागच्या बाजूपासून त्याच खळगीपर्यंत : मॅडम साडेसतरा, साहेब वीस. सीटची खोली ह्या दुसऱ्या मापापेक्षा दीड-दोन इंच कमीच पाहिजे, गुडघ्यामागं दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे, नाहीतर कड रुतते, पाय बधिर होतात, आणि माणूस नकळत पुढं सरकून बसतो म्हणजे पाठीचा आधार गेलाच. म्हणजे मॅडमना सीट पंधरा-सोळा इंच खोल पाहिजे.

वेबसाइटवाल्याला लेखी विचारलं. उत्तर आलं, सीटची उंची १८ ते साडेएकवीस, खोली २०. मॅडमच्या मापापेक्षा कमीत कमी उंची दोन इंच जास्त आणि खोली चार इंच जास्त! फोटोत हे कधीच दिसलं नसतं. वीस इंच खोली साहेबांना पण जास्तच होती.

काय केलं : मग कातडं

त्याच विक्रेत्याला दुसरा प्रश्न, 'जेन्युइन लेदर' म्हणजे कोणतं, आणि खुर्चीच्या कुठल्या भागाला. हे विचारायचं कारण असं. कातड्याचा वरचा, केसांकडचा थर सगळ्यात घट्ट विणीचा असतो. तो तसाच ठेवला की फुल ग्रेन, थोडा घासून एकसारखा केला की टॉप ग्रेन. खालचा जो थर सुटतो तो स्प्लिट, त्याच्यावर पीयूचा लेप देऊन वरून नक्षी दाबतात आणि त्यालाही लोक जेन्युइन लेदर म्हणून विकतात. बॉन्डेड तर त्याहून खालचं, चामड्याचा चुरा चिकटवून कापडावर बसवलेला, तो पीयूसारखाच सोलला जातो. किमतीत आणि आयुष्यात ह्या सगळ्यांत जमीन-अस्मानाचा फरक.

पहिल्या दोन मेसेजला उत्तर एकच, "सर, हंड्रेड पर्सेंट जेन्युइन". तिसऱ्यांदा "बिलावर हेच लिहून द्याल का" असं विचारल्यावर भाषा बदलली. बसायची आणि टेकायची पुढची बाजू स्प्लिट लेदर, बाजू आणि मागची पीयू. तिथं तो विषय संपला. माझ्या मते ह्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच, कारण पैसे भरण्याच्या आधी लेखी प्रश्न विचारायला एक रुपया लागला नाही आणि १,४७,००० वाचले.

मग खुर्च्या बनवणारा एक छोटा कारखानदार मिळाला, बाहेरगावचाच. त्यानं न मागता सांगितलं की पुढून टॉप ग्रेन, म्हशीचं, आणि मागच्या बाजूला पीयू, कारण सगळीकडं खरं लावलं तर किंमत झेपत नाही. मागच्या बाजूला कुणी टेकत नाही, त्यामुळे त्यात वावगं काही नाही, लपवलं की वावगं. त्यानं त्याच लॉटमधला हाताएवढा तुकडा कुरिअरनं पाठवला.

तुकडा आला की आम्ही आधी कड बघितली. खऱ्या चामड्याची कड तंतूतंतूंची दिसते, खालची बाजू मखमलीसारखी केसाळ, कापडाची जाळी दिसली की समजायचं. कडेचे दोन-चार तंतू काढून जाळले, केस जळल्यासारखा वास आला, प्लास्टिकसारखं वितळलं नाही. अंगठ्यानं दाबलं तर भोवती बारीक सुरकुत्या पडून परत गेल्या. पाण्याचा थेंब टाकला तर तसाच उभा राहिला. काही लोक म्हणतात पाणी शोषलं नाही म्हणजे नकली, ते चूक आहे. ऑफिसच्या खुर्चीच्या लेदरला वरून रंगाचा संरक्षक थर असतो, तो पाणी शोषत नाही, आणि रोजच्या वापराला तसंच लेदर बरं. फक्त वरून बघून स्प्लिट आणि टॉप ग्रेन ओळखणं मात्र अवघड असतं, म्हणून बिलावर लिहून घेण्याला पर्याय नाही. नंतर तो तुकडा अर्धा झाकून पश्चिमेच्या खिडकीत ठेवून दिला. काही आठवड्यांनी उघड्या भागाचा रंग किंचित उतरलेला दिसला, त्यावरून खिडकीला जाड पडदा लावायचं ठरलं.

कोणती आधी मागवायची

इथं खरा पेच होता. कारखानदार म्हणाला, स्टँडर्ड खुर्ची सात दिवसात परत घेतो, पण मॅडमच्या मापानं सीटची खोली कमी करून शॉर्ट सिलिंडर (सीट वर-खाली करणारा खालचा दांडा, नेहमीपेक्षा आखूड) बसवलेली खुर्ची परत घेणार नाही, ती दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. त्याचं बरोबरच आहे.

साहेबांनी कायद्याची बाजू नीट मांडली ती सगळ्यांना उपयोगी आहे. ऑनलाइन खरेदीला २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू होतात, माल सदोष असेल किंवा वर्णनाप्रमाणे नसेल तर विक्रेता परत घ्यायला नाही म्हणू शकत नाही. पण 'मला बसायला बरी वाटत नाही' हे वर्णनात बसत नाही, तिथं विक्रेत्याची स्वतःची परतीची पॉलिसी चालते. म्हणून लेदरचा प्रकार, सीटची खोली, सिलिंडरची उंची हे सगळं बिलावर लिहून घ्यायचं, म्हणजे फरक निघाला तर ते वर्णनात येतं. वाद झालाच तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावाला जावं लागत नाही.

त्यामुळे आधी साहेबांची स्टँडर्ड मागवली, ४६,००० जीएसटी धरून. सीट साडेसतरा ते एकवीस, खोली साडेअठरा. दोन खोकी आली. ट्रान्सपोर्टवाल्याच्या कागदावर सही करताना 'माल उघडून तपासलेला नाही' असं लिहिलं, खोकी उघडतानाचा व्हिडिओ काढला. एका हाताच्या स्क्रूचा आटा बिघडलेला निघाला, व्हिडिओ पाठवला, नवीन पार्ट आला. सात दिवस साहेबांनी त्याच खुर्चीत पूर्ण वेळ काम केलं, पाहुण्यासारखं नाही. फोम दबून गेला नाही, कड रुतली नाही. ठेवली.

दरम्यान मॅडमसाठी सुतारानं जुन्या खुर्चीच्या पाठीला प्लायवूडची फळी आणि वर पातळ गादी लावून सीटची खोली सोळा इंचावर आणून दिली. दिसायला वाईट, पण त्या तशाच बसून काम करत राहिल्या आणि मांडीची रग थांबली. त्यांच्या हेही लक्षात आलं की साहेबांच्या नवीन खुर्चीत त्या मागं रेलायला गेल्या तर पाठ हलतच नाही, स्प्रिंग जड माणसाच्या हिशोबाची. ऑर्डरमधे हलक्या वजनाची स्प्रिंग लिहून घेतली. मग त्यांची खुर्ची, ५१,०००. सीट साडेपंधरा ते साडेअठरा, खोली सोळा.

पक्षकारांच्या चार खुर्च्यांचं लेदर रद्द केलं. अर्धा तास बसणाऱ्याला त्याची गरज नाही. सागवानी फ्रेम इथंच केली, वर सोलापुरातलंच जाड जॅकार्ड कापड, एक खुर्ची ८,५००. ट्रान्सपोर्ट धरून सगळा खर्च १,३४,२०० झाला.

निकाल

साहेबांची खुर्ची आजही उत्तम आहे, एक उन्हाळा पूर्ण काढलाय, पापुद्रा नाही, भेग नाही. कोरड्या नाहीतर किंचित ओल्या फडक्यानं पुसायची एवढंच करतात. शिपाई खोबरेल लावणार होता, त्याला थांबवलं, तेलानं धूळ बसते, डाग पडतात.

मॅडमच्या खुर्चीचा निकाल संमिश्र आहे. पाय टेकतात, मांडीला त्रास नाही, मागं रेलता येतं. पण पहिल्या पंधरवड्यात खांदे भरून यायला लागले. कारण टेबल. टेबलं जुन्या ऑफिसातलीच, तीस इंच उंच. सोळा इंचावर बसल्यावर त्यांचं कोपर जमिनीपासून साडेचोवीस इंचावर येतं, म्हणजे टेबल साडेपाच इंच वर, लिहिताना खांदे उचललेलेच. शिवाय पाठीचा कमरेचा फुगवटा सीटपासून नऊ इंचावर होता आणि त्यांच्या कमरेची खळगी सात इंचावर. हेडरेस्ट तर थेट अंबाड्यावर यायची आणि मान पुढं ढकलायची.

परत देता येत नव्हती. हेडरेस्ट बोल्टवर होती, काढून टाकली. पाठ खाली घ्यायला नवीन भोकं पाडावी लागणार होती, त्यानं वॉरंटी गेली असती म्हणून तो विचार सोडला. त्याऐवजी सीट सगळ्यात वर घेतली, वर सव्वा इंचाची घट्ट गादी टाकली, म्हणजे फुगवटा आपोआप कमरेच्या जवळ आला. सुतारानं टेबलाचे पाय दीड इंच कापले. आणि पायाखाली साडेतीन इंचाचा पाट. आता मॅडम म्हणतात कंबर जुन्या खुर्चीपेक्षा खूप बरी आहे, पण महागाच्या लेदरवर कापडी गादी टाकून बसावं लागतं ह्याची त्यांना खंत आहे, आणि ती रास्त आहे.

वेगळं काय करता आलं असतं

टेबलाचं माप खुर्चीच्या मापाबरोबरच घ्यायला पाहिजे. बुटक्या माणसाला तीस इंची टेबलावर काम करायचं असेल तर सीट खाली नेऊन प्रश्न सुटत नाही, सीट वर आणि पायाखाली पाट हाच रस्ता, नाहीतर टेबल कापायचं. हे आधी धरलं असतं तर शॉर्ट सिलिंडर लागलाच नसता, स्टँडर्ड साडेसतरा ते एकवीसचा चालला असता.

आणि सिलिंडर स्टँडर्ड चालला असता तर फक्त सीटच्या खोलीचा प्रश्न उरत होता. सीट पुढं-मागं सरकणारी मॉडेलं मिळतात. सोळा इंचापर्यंत मागं येणारं एखादं स्टँडर्ड मॉडेल शोधलं असतं तर मॅडमची खुर्ची पण सात दिवसात परत देण्यासारखी राहिली असती. ज्याला दुखणं आहे त्याचीच खुर्ची परत न होणारी, ही ह्या सगळ्या व्यवहारातली कमजोर बाजू होती.

पाठीची मापं, म्हणजे सीटपासून कमरेच्या खळगीपर्यंत, खांद्यापर्यंत आणि डोक्याच्या मागच्या भागापर्यंत, ही तीन विक्रेत्याला पाठवून त्याच्या खुर्चीची तीच तीन मागवायची. कमी उंचीच्या माणसाला उंच पाठीपेक्षा मध्यम पाठ बहुतेक वेळा बरी पडते, फक्त दोन्ही केबिनमधे एकसारखी दिसावी हा हट्ट सोडावा लागतो. मॅडमनी तो सोडायला हवा होता असं त्या आता स्वतः म्हणतात, साहेब अजून म्हणत नाहीत.

आणखी एक. मापानं बनवलेली खुर्ची परत घेऊ नका, पण तीस दिवसात एक दुरुस्ती फुकट करून द्या, पाठ वर-खाली करणं, फोम बदलणं असं काही, एवढी एक ओळ ऑर्डरमधे घालायला कारखानदार तयार झाला असता. खुर्ची आल्यावर विचारलं तेव्हा तो म्हणाला, आधी बोलला असता तर पाठीच्या पट्टीला जास्तीची भोकं पाडूनच पाठवली असती.